कोरं बोट: जमैकातले पक्ष आणि लोकमत

मित्रहो, निवडणूक जवळ आली की आपल्या वर्तमानपत्रांत ‘बालेकिल्ला’ हा शब्द रोज दिसतो. अमुक मतदारसंघ तमक्यांचा बालेकिल्ला. आपण वाचतो आणि पान उलटतो, कारण तो नुसता बोलण्याचा किल्ला असतो. जमैकात तो विटा-सिमेंटचा आहे. तिथं त्याला ‘गॅरिसन’ म्हणतात, म्हणजे फौजेची छावणी. राजकारणाच्या अभ्यासात हा शब्द रुजवला तो कार्ल स्टोन नावाच्या प्राध्यापकानं. पक्षांच्या गलबल्यात सामान्य माणसाचा आवाज मोजायला निघालेला हा माणूस मला फार मोलाचा वाटतो, म्हणून आज त्याच्या वाटेनं जमैका बघू.

आधी दोन पक्ष. 1938 साली बेटावर कामगारांचा उद्रेक झाला आणि त्यातून नात्यानं एकमेकांचे भाऊ लागणारे दोन नेते पुढं आले. वकील नॉर्मन मॅन्ली यांनी त्याच वर्षी पीपल्स नॅशनल पार्टी काढली. कामगारांचे लाडके अलेक्झांडर बुस्तामांते सुरुवातीला तिच्यातच होते. 1943 मध्ये ते वेगळे झाले आणि जमैका लेबर पार्टी उभी राहिली. पुढच्याच वर्षी प्रौढ मताधिकारानं निवडणूक झाली. आपल्याकडे तो दिवस यायला 1951-52 उजाडलं, हे लक्षात घ्या. तेव्हापासून आजवर सत्ता या दोघांतच फिरते आहे. लेबर पार्टीचा रंग हिरवा, निशाणी घंटा. सभेला माणसं खरोखरच हातात घंटा घेऊन येतात आणि दोन बोटांची खूण करतात. दुसऱ्यांचा रंग केशरी, निशाणी माणसाचं डोकं, आणि हात वर जातो तो मूठ वळून.

रंगापर्यंत होतं तोवर ठीक होतं. 1960 च्या दशकात लेबर पार्टीचे मंत्री एडवर्ड सिआगा यांनी किंग्स्टनच्या पश्चिमेची ‘बॅक-ओ-वॉल’ ही झोपडपट्टी पाडून तिथं टिव्होली गार्डन्स ही वसाहत बांधली. घरं चांगली होती. पण मिळाली ती आपल्या माणसांना. सत्तरीच्या दशकात दुसऱ्या पक्षानंही तोच कित्ता गिरवला. घर पक्षाकडून, काम पक्षाकडून, रस्तासफाईची चार दिवसांची मजुरीसुद्धा पक्षाकडून. मग मत कुणाला द्यायचं हे विचारायची गरजच उरली नाही. हद्द ओलांडताना अंगावर चुकीच्या रंगाचा शर्ट असला तर जिवावर बेतावं, इथपर्यंत मजल गेली. काही मतदान केंद्रांत एका पक्षाला जवळजवळ सगळी मतं पडू लागली. याला लोकमत म्हणायचं? मी म्हणणार नाही.

अशा देशात स्टोन यांनी 1970 च्या दशकात जनमत चाचण्या सुरू केल्या. फोन फारच थोड्या घरांत, त्यामुळे प्रश्न विचारणारी माणसं पायी फिरायची, दारात उभी राहून समोरासमोर बोलायची. अनोळखी माणूस वही काढून ‘मत कुणाला?’ असं विचारतोय, आणि चार घरं पलीकडे पक्षाचा दादा बसलाय, हे चित्र डोळ्यांपुढं आणा. उत्तर मिळवायला आधी विश्वास मिळवावा लागतो. स्टोन यांनी तो मिळवला. 1976 साली पीपल्स नॅशनल पार्टी जिंकेल असा त्यांचा अंदाज होता, आणि ती जिंकली.

खरी कसोटी लागली 1980 मध्ये. नॉर्मन यांचे चिरंजीव मायकेल मॅन्ली पंतप्रधान होते. नाणेनिधीशी भांडण चाललेलं, दुकानांत माल नाही, रस्त्यावर बंदुका. त्या वर्षी 800 च्या वर माणसं मारली गेली. दोनच वर्षांपूर्वी, एप्रिल 1978 मध्ये, गायक बॉब मार्ली यांनी भर मैफलीत मॅन्ली आणि विरोधी नेते सिआगा या दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले होते. त्याचा काही उपयोग झाला नाही. माँटेगो बे शहराच्या चौकात मॅन्लींची प्रचंड सभा झाली. दीड लाख लोक जमल्याचं सांगितलं गेलं आणि एवढी माणसं चुकू शकत नाहीत, असा विश्वास पक्षात पसरला. स्टोन यांची चाचणी मात्र सांगत होती की सरकार जाणार. 30 ऑक्टोबरला मतदान झालं: 60 पैकी 51 जागा सिआगांना, मॅन्लींना फक्त 9.

मला या प्रसंगात फार मोठी गोष्ट दिसते. सभेला माणूस पक्षाचा म्हणून येतो, बसमध्ये बसून येतो, शेजाऱ्याच्या नजरेला घाबरूनही येतो. रिकामं दुकान बघून घरी परतणारी बाई कुठल्याच सभेत मोजली जात नाही. चाचणीनं तिला मोजलं.

पण हेच हत्यार सत्तेच्याही हाती लागतं. 1983 मध्ये सिआगा सरकार चाचण्यांत मागं पडलं होतं. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेनं ग्रेनाडा या कॅरिबियन बेटावर चढाई केली, जमैकानं साथ दिली आणि वारं फिरलं. ते बघून सिआगांनी डिसेंबरमध्येच निवडणूक उरकली, तीही जुन्या मतदारयादीवर. विरोधकांनी बहिष्कार टाकला आणि सगळ्या 60 जागा एका पक्षाकडे गेल्या. लोकसभागृह होतं, विरोधी बाक नव्हता.

तिसरा पर्याय निघाला नाही असं नाही. 1995 मध्ये ब्रूस गोल्डिंग लेबर पार्टी सोडून बाहेर पडले, नॅशनल डेमोक्रॅटिक मूव्हमेंट काढली आणि गॅरिसनचं राजकारण मोडायचं म्हणाले. 1997 च्या निवडणुकीत या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. 2002 मध्ये ते स्वगृही परतले, आणि सिआगांनंतर मतदारसंघ घेतला तो टिव्होली गार्डन्सचाच. मे 2010 मध्ये तिथल्या क्रिस्टोफर कोक या दादाला पकडायला फौज आत शिरली तेव्हा पंतप्रधान गोल्डिंगच होते. 70 च्या आसपास माणसं मेली. हे वाचताना मला दरवेळी वाईट वाटतं, कारण रोग ओळखणारा माणूसच त्या खाटेपाशी जाऊन बसला.

स्टोन 1993 साली गेले. त्यानंतरची जी गोष्ट त्यांनी नक्की खोलात जाऊन तपासली असती ती ही: 1980 मध्ये शंभरातल्या सुमारे 87 मतदारांनी मत दिलं होतं. 2016 मध्ये निम्म्यांनीही दिलं नाही. 2020 मध्ये तर 38 च्या आसपास. त्या वर्षी लेबर पार्टीनं 63 पैकी 49 जागा जिंकल्या, मतं 57 टक्के. गुणाकार करून बघा: नोंदलेल्या पाच मतदारांपैकी जेमतेम एकानं हे सरकार निवडलं. जमैकात मत देताना बोट शाईत बुडवतात. आज तिथं बहुसंख्य बोटं कोरी आहेत. हिंसा कितीतरी कमी झाली, निवडणूक यंत्रणा स्वतंत्र आणि नेटकी झाली, ही मोठीच कमाई. पण भीती गेल्यावर माणूस मतपेटीकडे आला नाही, घरीच राहिला. याला आळस म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तो पक्षांना दिलेला नकार आहे.

सप्टेंबर 2025 मध्ये लेबर पार्टी सलग तिसऱ्यांदा निवडून आली, मतदान 40 टक्क्यांच्या आसपासच. आठ आठवड्यांत, 28 ऑक्टोबरला, मेलिसा चक्रीवादळ आलं आणि पश्चिमेकडच्या गावांची छपरं उडाली. ब्लॅक रिव्हर हे गाव तर उद्ध्वस्त झालं. जिथं घर पक्ष देत असे, त्या देशात आता हजारो घरांवर पत्रे चढवायचे आहेत. रांगेतल्या माणसाला पत्रा देण्याआधी त्याचा रंग विचारला जातो की नाही, याकडे माझे डोळे लागलेले आहेत.