न लढण्याची फी

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय ते जो फ्लोम या न्यूयॉर्कच्या वकिलाबद्दल. कंपन्या आणि शेअर्स हेच त्याचं क्षेत्र.

जन्म 1923चा, वाढला ब्रुकलिनमध्ये, गरीब ज्यू घरात. रात्रीचं कॉलेज अर्धवट राहिलं, मधे लष्करात गेला, आणि परतल्यावर पदवी नसतानाही हार्वर्डच्या लॉ स्कूलने त्याला घेतलं. 1948 साली तो तिथून बाहेर पडला, पण बड्या फर्मांमध्ये ज्यू मुलांना तेव्हा सहसा थारा नसे. मग स्कॅडन, आर्प्स आणि स्लेट या तिघांनी त्याच वर्षी थाटलेल्या फर्ममध्ये तो लागला. त्यांचा पहिला पगारी वकील.

बड्या फर्म नाक मुरडत, ते काम याच्या वाट्याला आलं: प्रॉक्सीच्या लढाया. प्रॉक्सी म्हणजे सभेला न जाणाऱ्या भागधारकाने आपल्या वतीने मत देण्याचा हक्क दुसऱ्याला सही करून देणं. तिचा फॉर्म तुमच्याही घरी पूर्वी वार्षिक सभेच्या पाकिटातून यायचा आणि रद्दीत जायचा. (मुंबईत बिर्ला मातोश्री सभागृहात सभेला जाणारे आपले भागधारक ताळेबंदापेक्षा बटाटेवड्याकडे जास्त लक्ष देत, हे माझं जुनं मत. असो.) तिकडे मात्र याच फॉर्मांवर कंपनी कोणाच्या ताब्यात जाणार ते ठरे. दोन्हीकडचे वकील एका खोलीत बसून एकेक मत मोजत, एकेका सहीवर भांडत. फ्लोम यात तरबेज झाला.

आणि आता माझा आवडता किस्सा. साल 1974. इन्को ही कॅनडातली निकेलची प्रतिष्ठित कंपनी. तिला हवी होती फिलाडेल्फियाची ईएसबी, बॅटऱ्या बनवणारी. अमेरिकेतला एक्साइड ब्रँड हिचाच. ईएसबीचे संचालक विकायला तयार नव्हते. इन्कोने त्यांना बाजूला सारून थेट भागधारकांपुढे बोली ठेवली: शेअरला 28 डॉलर. खळबळ उडाली, कारण इन्कोच्या पाठीशी मॉर्गन स्टॅन्ली होती. एवढी सोवळी पेढी, आणि असल्या कामात! तिच्याकडे या लढाईचा अनुभवच नव्हता. मग बोलावलं कोणाला? फ्लोमला. ज्यांनी कधी उंबऱ्यात उभं केलं नसतं, त्यांनीच.

ईएसबीच्या मदतीला युनायटेड एअरक्राफ्ट धावली. तिने जास्त भाव दिला. इन्कोने त्याच्यावर दिला. बोली चढत चढत थांबली कुठे? 41 डॉलरवर. पुन्हा सांगतो, सुरुवात 28, शेवट 41. फायदा झाला तो शेअर धरून गप्प बसलेल्यांचा. कंपनी इन्कोने जिंकली.

त्यानंतर बड्या पेढ्यांनीही लाज सोडली, आणि अशा बोलींचा सपाटा सुरू झाला. आपल्याकडे ओपन ऑफर म्हणतात, तिचे सेबीचे नियम पुष्कळ नंतरचे, 1990च्या दशकातले.

फ्लोमचं काय झालं, ते ऐका. कंपन्या त्याला दरवर्षी ठरावीक रक्कम देऊ लागल्या. कशासाठी? उद्या कोणी आपल्यावर चालून आलं, तर हा माणूस त्यांच्या बाजूने नसावा म्हणून! काम नाही, खटला नाही, तरी फी चालू. तो 2011 साली गेला, तेव्हा त्या छोट्या फर्ममध्ये जवळपास 2000 वकील होते, आणि फर्मच्या नावात शेवटी फ्लोम.

इन्कोला मात्र तो बॅटऱ्यांचा धंदा काही मानवला नाही. 1980च्या दशकात तिने त्यातून अंग काढून घेतलं.