चटणीची बरणी

(सुरुवातीचं दृश्य: भिंतीला टेकवून ठेवलेले कागद, सगळ्यांवर एकच बरणी.)

हे कागद दिसतायत ना, मी मोजले, सव्वीस आहेत. आणि सव्वीसच्या सव्वीस कागदांवर एकच बरणी. काचेची, पत्र्याच्या झाकणाची. नीट बघितलं तर कळतं की प्रत्येक चित्रात आतली लाल चटणी थोडी थोडी खाली गेलीय. काढणारे माझे आप्पा. वय सदुसष्ट, राहणार कोल्हापूर, एसटीत चौतीस वर्षं कंडक्टर, अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर.

चटणी आईची. आई आता नाही.

कोल्हापूरकडच्यांना सांगायला नको पण बाकीच्यांसाठी सांगते, आमच्याकडं चटणी म्हणजे पानात डावीकडं वाढतात ती नव्हे. वर्षाचा कांदा-लसूण मसाला, उन्हाळ्यात एकदाच करायचा. आमटीत तोच, रश्शात तोच, आणि काहीच नसलं तर भाकरीवर तेल घालून तोच. आईनं एप्रिलमध्ये चटणी केली आणि जूनमध्ये गेली. म्हणजे ती गेल्यावरसुद्धा आम्ही रोज तिच्याच हातचं खात होतो, फक्त आप्पा सोडून हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

(दृश्य: जुन्या खिशातल्या डायऱ्या, पानापानावर बॉलपेनची चित्रं.)

आप्पा चित्रं कधी शिकले वगैरे नाहीत. मुक्कामी गाडी असायची, गगनबावड्याकडं, राधानगरीकडं, रात्री गाडी गावात थांबवायची आणि पहाटे तीच घेऊन परत. मग जेवणं झाल्यावर करणार काय, ड्रायव्हर घोरतोय तर ड्रायव्हरचंच चित्र. या डायऱ्यांमध्ये इतके झोपलेले ड्रायव्हर आहेत की कुणी बघितलं तर वाटेल एसटी चालवत कोण होतं! एका पानावर चित्र आणि शेजारच्या पानावर हिशेब, चहा किती, किराणा किती, बहिणीला दिले किती. कंडक्टरचा हिशेब, पाच पैसे इकडचे तिकडं नाहीत. या हिशेबाचं पुढं काम आहे, लक्षात ठेवा.

आई गेल्यावर आम्ही सगळे त्यांना एकच सांगत होतो, मन रमवा. मी पुण्यातून फोनवर, दादा-वहिनी घरात, बाराव्या-तेराव्याला आलेले पाहुणे तर जाता जाता चप्पल घालताना, "आप्पा, मन रमवा आता कशात तरी." मी तर वरताण केली, त्यांना चित्रकलेच्या क्लासला घातलं. तिथं पहिल्या दिवशी सूर्यास्त, दुसऱ्या दिवशी पण सूर्यास्त. तिसऱ्या दिवशी आप्पा गेले नाहीत. म्हणाले, "सूर्य रोजच मावळतोय की, त्याला काय शिकायचंय."

मला तेव्हा राग आला होता, आता वाटतं की चूक माझीच होती. आम्हाला त्यांचं मन दुसरीकडं न्यायचं होतं, आणि ते जिथं होतं तिथून त्यांना हलायचंच नव्हतं. तिकडं स्वयंपाकघरात बसून त्यांचं चित्र काढणं कधीच सुरू झालेलं, खलबत्ता, पोळपाट, आईचा चष्मा, आणि ही बरणी.

(दृश्य: रंकाळा, सकाळ. कठड्यावर बसलेले पाच जण.)

ही आप्पांची गँग. एक रिटायर ड्रॉईंग मास्तर, एक तालमीतले जुने पैलवान, एक बँकेतले, एक आप्पांचेच ड्रायव्हर, हो, डायरीत घोरणारे तेच. सकाळी रंकाळ्याला फेरी, आणि संध्याकाळी कधीमधी गंगावेशीत दूधकट्ट्यावर, जिथं म्हैस समोर उभी असते आणि धार काढून ग्लास हातात देतात. शुगर किती, बीपी किती हे सगळं त्या ग्लासापुरतं माफ.

पाचातल्या तिघांच्या बायका गेलेल्या. पैलवानकाकांची तर नऊ वर्षांपूर्वी. आणि आम्हाला कुणालाच जे जमलं नाही ते त्यांनी केलं. आप्पा महिनाभर फिरायला आले नाहीत तेव्हा ते घरी आले, चहा प्याले, आणि म्हणाले, "रमवू नको लेका मन. हाय तसं घिऊन ये आणि बस आमच्यात."

तेव्हापासून दर गुरुवारी पैलवानकाकांच्या सोप्यात बैठक असते. कुणी तज्ज्ञ नाही, काही नाही. गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं, एवढंच. नियम एकच, नुसतं चांगलं बोलायचं नाही. कारण गेल्यावर सगळ्याच बायका देवी होतात आणि देवीची आठवण काढून रडता येत नाही, हे पैलवानकाकांचं म्हणणं. मग कुणी सांगतं, ती भांडायची कशी, पैसे लपवायची कुठं. आप्पांनी सांगितलं की आई त्यांच्या चित्रांवर भाजी निवडायची. मुद्दाम नाही, हाताला आला कागद की पसरला. हे सांगताना आधी हसले आणि मग जे रडले ते मला मास्तरकाकांकडून कळलं. आमच्यासमोर ते कधी रडले नव्हते.

मास्तरकाका तिथं एक गोष्ट सांगतात. आबालाल रहिमान, मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून आलेले, शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार, याच रंकाळ्याची चित्रं त्यांनी काढली. १९२२ साली महाराज गेले आणि त्या दुःखात आबालालांनी आपली कितीतरी चित्रं इथल्याच कोटितीर्थ तलावाच्या पाण्यात सोडून दिली, असं कोल्हापुरात सांगतात. मास्तर गोष्ट सांगून थोडे गप्प राहतात, इफेक्टसाठी. आप्पांवर इफेक्ट शून्य. "त्यांचं महाराज गेलं म्हणून त्यांनी चित्रं सोडली. माझं उलटं झालंय बघा, ती गेली आणि हात थांबंना."

पण गुरुवार आठवड्यातून एकच, आणि रात्री मात्र सातच्या सात. बैठकीत बरे असलेले आप्पा रात्री दोनला स्वयंपाकघरात दिवा लावून बसायचे. वहिनीनं कॅलेंडरवर एक नंबर लिहून ठेवला होता, १४४१६, टेलिमानस, मनाचा त्रास बोलून दाखवायची हेल्पलाईन, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. कुणी काही बोललं नाही, नुसता लिहून ठेवला. बऱ्याच दिवसांनी आप्पा सहज म्हणाले, "लावला होता मी त्यो नंबर, दोनदा. पोरगी चांगली होती. मध्ये बोलली नाही." आम्ही सगळे मध्ये बोलत होतो, हे मला तेव्हा लागलं.

(दृश्य: मोबाईलसमोर आप्पा, हयातीचा दाखला.)

हा थोडा गमतीचा भाग. पेन्शन किती मिळते ते विचारू नका, पण त्यासाठीही दरवर्षी आपण जिवंत आहोत हे सांगावं लागतं. आता मोबाईलवर चेहरा दाखवून होतं. ॲप म्हणतं डोळे मिचकावा. आप्पा मिचकावतात, ॲपला पटत नाही. परत मिचकावतात. शेवटी म्हणाले, "चौतीस वर्षं मी लोकांना तिकीट दाखवा म्हणालो, आता माझी पाळी."

(दृश्य: गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या.)

एप्रिल आला आणि बरणीत दोन बोटं चटणी राहिली. नवी करायची तर कुणाला माप ठाऊक नाही. आईनं लिहून कधी ठेवलंच नव्हतं, तिचं सगळं अंदाजानं. आत्या म्हणाली लवंगी मिरची जास्त, वहिनी म्हणाली त्यांची एवढी जहाल नसायची, मी मध्ये काहीतरी बोलले तर दोघींनी मिळून सांगितलं की तू पुण्याची, तू गप्प बस. (पुण्यात राहून माझं "आलो-गेलो"चं "आले-गेले" झालंय, तेवढ्यावरून मी घरात परकी.)

आप्पा आतून डायऱ्या घेऊन आले. दरवर्षीचा एप्रिल काढला. ब्याडगी दीड किलो, संकेश्वरी एक, लवंगी अर्धा. खोबरं, तीळ, धने, लसूण, कांदा, सगळं रुपये-पैशांसकट. शेजारच्या पानावर आई, गच्चीवर, पदर नाकाला लावून मिरच्यांची देठं काढतेय. पस्तीस वर्षांचं माप त्यांच्या खिशात होतं आणि त्यांनाही ते माहीत नव्हतं.

मग कांदा वाळवला, खोबरं भाजलं, आणि डंकावर, म्हणजे मसाला कांडायच्या गिरणीत, नंबर लावला. एप्रिलमधला डंक म्हणजे अख्खी गल्ली शिंकत असते. पैलवानकाका सोबतीला आलेले, दहा मिनिटांत डोळे पुसत बाहेर. आप्पा मात्र आत उभे, डंक खालीवर होताना बघत.

रात्री भाकरी आणि नवी चटणी. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघतोय. त्यांनी एक घास खाल्ला, म्हणाले, "तिच्यासारखी नाही झाली." आणि अजून अर्धी भाकरी मागितली.

जुन्या बरणीतली दोन बोटं नव्यात मिसळू दिली नाहीत. तीही फळीवर, नवीही फळीवर. सत्ताविसाव्या कागदावर दोन बरण्या आहेत. तो काढताना मी शूटिंग करत होते, अगदी जवळ गेले, तर मान वर न करता म्हणाले,

"बाजूला हो जरा. उजेड अडतोय."