व्याजाचा दिवस

[वाईचं पोस्ट. बाहेर पाऊस, दारात टेकवलेल्या छत्र्या.]

जुलैचा कामाचा पहिला दिवस. पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी कापडी पिशवीत आणि कापडी पिशवी पदराखाली. तीन महिन्यांचं व्याज आज जमा होतं, म्हणून ही गर्दी.

ज्येष्ठ नागरिक बचत योजना २००४ साली सुरू झाली. साठी पूर्ण झालेल्या कुणालाही हजार रुपयांपासून खातं काढता येतं. वरची मर्यादा १५ लाखांची होती, ती २०२३ मध्ये ३० लाख झाली. मुदत पाच वर्षं. खातं उघडताना जो दर लागला, तोच मुदत संपेपर्यंत. ८.२ टक्क्यांनी दहा लाखांवर दर तिमाहीला २०,५०० रुपये हातात येतात.

[काउंटर. अर्ज भरणारा हात.]

आधार, पॅन, फोटो. लाखाच्या वर रक्कम असेल तर चेक. या आजींचा अर्ज भराभर भरला जातो आणि वारसाच्या रकान्यापाशी अडतो. मुलगा की मुलगी? काउंटरवरची ताई सांगते, "आजी, दोघांचीही नावं घाला. कुणाला किती, तेही लिहा." हा रकाना कोरा सोडू नका. आणि कर बसत नसेल, तर दर एप्रिलला तसं लिहून देणारा फॉर्म द्यायचा, म्हणजे व्याजातून टीडीएस कापला जात नाही.

[पासबुक छापणारं यंत्र.]

हे दुसऱ्या आजींचं पासबुक. ही छपाई नीट बघा. जमा, जमा, जमा. काढलेले पैसे कुठेच नाहीत. "नातवाला होतील," त्या म्हणतात. या योजनेत न उचललेल्या व्याजावर व्याज चढत नाही. बचत खात्यात वळवलं तरी चार टक्केच. मुद्दल सांभाळायचं आणि व्याजावर नीट जगायचं, यासाठीच तर ही योजना आखली आहे.

जास्त व्याजाच्या आशेने पतसंस्थेत ठेवलेली पुंजी अडकलेली माणसंही भेटली. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही.

[ज्येष्ठ नागरिक संघ. सतरंजीवर उघडलेली वही.]

या आजोबांची वही आम्हाला फार आवडली. डाव्या पानावर व्याज, उजव्या पानावर खर्च. बीपीच्या गोळ्या, कानाचं मशीन, नाटकाचं तिकीट, पंढरपूर. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी २०२२ पासून मोफत आहे, त्यामुळे पंढरपूरपुढे फक्त राहण्या-जेवणाचा आकडा. नातवाचंही पान आहे, पण ते औषधांनंतर. वही हातोहात फिरते. कुणीतरी विचारतं, "एवढा खर्च केलात, तर मुलांना काय ठेवणार?"

"मुद्दल आहे की पोस्टात. त्याला कुठे हात लावलाय?"