चांदीचं जुनं कडं नेमकं कुठलं?

चांदीचं एखादं जुनं कडं समोर आलं की बहुतेक जण आधी वरची नक्षी बघतात, मग नेटवर तसाच फोटो शोधतात आणि जो पहिला सापडेल त्यावर विश्वास ठेवून मोकळे होतात. पण नक्षी फिरते, कारागीर गाव सोडून जातात, व्यापारी माल कुठून कुठे नेतात, आणि लग्न होऊन गेलेल्या बाईबरोबर तिचे दागिनेही दुसऱ्या मुलखात पोचतात. म्हणून नक्षी जरा बाजूला ठेवा आणि कडं उलटं करा.

आतली बाजू बघा. पत्रा ठोकून घडवलाय की मुशीत ओतलंय, पोकळ आहे की भरीव, डाग (म्हणजे सांधा जोडणारा झाळ) कुठे दिलाय आणि तो घासून लपवलाय की तसाच सोडलाय, हे सगळं तिथे दिसतं, कारण आतली बाजू कोणी सजवत बसत नाही. बिजागरीचं कडं असेल तर त्याचा खिळा बाहेर काढून बघा. खिळा मळसूत्राचा असेल आणि त्याचे आटे हाताने केलेले असले तर थोडे वाकडेतिकडे असतात, मशीनचे एकसारखे. अर्थात खिळा हरवून नंतर नवा बसवलेला असू शकतो, त्यामुळे एवढ्यावरून लगेच निकाल देऊ नका.

आणि प्लीज, घासून चकाचक करू नका! खाचांमधली काळी पुटं आणि उंच भागांवरची झीज हाच तर पुरावा आहे. वर्षानुवर्षं मनगटावर राहिलेल्या कड्याच्या कडा गुळगुळीत होतात, नक्षीचे उंचवटे बसतात. गंधकाच्या रसायनाने नवीन चांदी काळी करता येते, पण तशी झीज त्या रसायनाने येत नाही, त्यामुळे खाचा काळ्याकुट्ट आणि कडा मात्र धारदार असं दिसलं की मी तरी सावध होते.

आता शिक्के. रशियन साम्राज्यातल्या चांदीवर बहुतेकदा ८४ आकडा असतो, म्हणजे ८७५ शुद्धता (हजारात ८७५ भाग चांदी), आणि कॉकेशसमधल्या निएलो कामाच्या, म्हणजे कोरलेल्या खाचांत काळं मिश्रण भरलेल्या, दागिन्यांवरही तो सापडतो. फ्रान्समध्ये १८९३ पासून हंसाचा एक बारीक शिक्का आहे, आणि तो बघून लोक म्हणतात फ्रेंच कडं! खरं तर तो शिक्का बाहेरून आलेल्या किंवा मूळ ठाऊक नसलेल्या चांदीवर मारायचे. शिक्काच नसेल तरी निराश होऊ नका, कितीतरी ग्रामीण आणि आदिवासी चांदीवर कधीच शिक्का नव्हता. चांदी किती आहे हे एक्सआरएफ मशीनवर (क्ष-किरणांनी धातू तपासणाऱ्या यंत्रावर) कळतं, पण ते धातू सांगतं, गाव नाही सांगत.

नाण्यांनीही फसायला होतं. मारिया थेरेसा थेलर, साधारण २८ ग्रॅमचं, ८३३ शुद्धतेचं ऑस्ट्रियन नाणं, अरबस्तानात आणि इथिओपियात इतकं चाललं की कारागीर तेच वितळवून दागिने घडवायचे. त्यावर साल कायम १७८०, कारण राणी गेल्यानंतरही तेच साल ठेवून ते पाडत राहिले, अगदी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या टांकसाळीतसुद्धा. म्हणजे कड्यावर १७८० चं नाणं जडवलंय म्हणून कडं तेव्हाचं होत नाही.

काही घडणी मात्र लांबून ओळखू येतात. रुंद कडं, चांदीवर सोन्याचा मुलामा आणि त्यात लालसर कार्नेलियनचे (एक प्रकारच्या अकीकाचे) खडे, असं दिसलं की मध्य आशियातल्या तुर्कमेन लोकांचं म्हणायला हरकत नाही, त्यातही त्यांच्यातल्या तेके टोळीचा मुलामा नक्षीवर चढवलेला आणि योमुत टोळीकडे मुलाम्याचे छोटे ठसे वर डकवलेले. निळा, हिरवा, पिवळा मीना आणि जोडीला पोवळं असेल तर अल्जीरियातल्या कबाइली या बर्बर लोकांचं, बेनी येन्नी भागातलं काम आठवतं. पण तारेच्या घरांत भरलेला मीना मोरोक्कोत तिझनितकडेही होतो, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते येमेनचं उदाहरण. तिथलं बारीक रव्यांचं आणि तारकामाचं उत्तम काम बरंचसं ज्यू सोनारांनी केलं, आणि ते घातलं त्यांच्या स्वतःच्या बायकांनी, तसंच मुस्लिम आणि बेदुइन (वाळवंटातल्या भटक्या अरब) बायकांनीही. १९४९-५० मध्ये जवळपास ४९,००० येमेनी ज्यू विमानांनी इस्रायलला गेले, त्यात हे सोनारही होते. मग असल्या कड्याला नुसतं बेदुइन म्हणायचं की ज्यू? माझं स्पष्ट मत आहे की दोन्ही लिहायचं, कोणी घडवलं ते वेगळं आणि कोणी घातलं ते वेगळं, कारण एकच नाव लिहिलं की दुसऱ्या बाजूची माणसं पुसली जातात. आणि यातल्या काही दागिन्यांवर घडवणाऱ्याचं नाव अरबी अक्षरांत ठोकलेलं असतं, इतकं बारीक की साध्या डोळ्यांना नक्षीचाच भाग वाटतं, म्हणून भिंग घ्या, कडं उजेडात तिरकं धरा आणि रव्यांच्या मधली प्रत्येक सपाट जागा सावकाश तपासा.