ग्रीन कार्डाचं बिल अडकलं कुठे?

इथे बसलेल्या बऱ्याच जणांची मुलं, सुना, भाचरं अमेरिकेत आहेत, त्यामुळे पहिला प्रश्न ठरलेलाच असतो की ग्रीन कार्डाची, म्हणजे तिकडे कायम राहायच्या परवान्याची, रांग कधी हलणार, आणि त्याला जोडून लगेच दुसरा, की प्रेसिडेंटने मनावर घेतलं तर होईल ना? तर नाही होणार. का नाही, ते सांगतो, म्हणजे अमेरिकेचं सरकार कसं चालतं तेही आपोआप कळेल.

नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000, त्यात बायकामुलंही धरलेली, आणि एका देशाला साधारण 7 टक्क्यांच्या वर नाहीत. भारत असो नाहीतर आइसलँड, मर्यादा तीच! हे 1990 च्या कायद्यात लिहिलंय, त्यामुळे प्रेसिडेंट नुसत्या आदेशाने ते खोडू शकत नाही, काँग्रेसनेच, म्हणजे तिकडच्या संसदेनेच बदलायला हवं. आणि आपल्याकडे कसं, लोकसभेत बहुमत नसेल तर पंतप्रधान खुर्चीवर राहतच नाही. तिकडे प्रेसिडेंट वेगळा निवडून येतो, काँग्रेस वेगळी, दोघं विरुद्ध पक्षांचे असले तरी चार वर्षं तसंच चालतं. तो काँग्रेस बरखास्त करू शकत नाही, आणि बिल मांडायचं तरी कुठल्यातरी सदस्याच्या हातूनच.

काँग्रेसची सभागृहं दोन. हाउसमध्ये 435 जण, लोकसंख्येप्रमाणे, दर 2 वर्षांनी निवडणूक. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे 2, म्हणून 100, मुदत 6 वर्षं. वायोमिंगची वस्ती 6 लाखसुद्धा नाही, कॅलिफोर्नियाची जवळजवळ 4 कोटी, सिनेटर दोघांचेही दोनच. मला हे काही पटत नाही, पण 1787 मध्ये छोटी राज्यं यावरच अडून बसली होती.

आता जुलै 2019. देशागणिक मर्यादा काढायचं बिल हाउसमध्ये 365 विरुद्ध 65 ने पास झालं, दोन्ही पक्षांची मतं पडली, कारण पक्षांतरबंदी कायदा वगैरे तिकडे नाही, पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून कुणाची सीट जात नाही. आपल्या लोकांना वाटलं झालं काम, पण पुढे सिनेट होतं ना.

सिनेटमध्ये चर्चा लांबवत बसायची मुभा आहे, त्याला फिलिबस्टर म्हणतात. 1957 मध्ये स्ट्रॉम थर्मंड नावाचा सिनेटर नागरी हक्कांच्या बिलाविरुद्ध सलग 24 तास 18 मिनिटं बोलला. चर्चा थांबवायला 1975 पासून 60 मतं लागतात, आणि हल्ली उभं राहून बोलावंही लागत नाही, अडवणार म्हटलं तरी पुरतं. म्हणजे 51 जण बाजूने असूनही बिल पडून! बरं, राज्यघटनेत याचा एक शब्द नाही, सिनेटने स्वतःच केलेला नियम.

ही झाली मोठी बिलं. बाकीच्यांना इतका वेळ कोण देणार, म्हणून एकमताचा रस्ता असतो, सभागृहात विचारायचं कुणाची हरकत आहे का, कुणी बोललं नाही तर पास. एकाने जरी हरकत घेतली तरी संपलं. आपलं बिल याच रस्त्याने चाललं होतं. यूटाचे रिपब्लिकन सिनेटर माइक ली पुन्हा पुन्हा विचारत होते, एकदा त्यांच्याच पक्षाच्या जॉर्जियाच्या डेव्हिड पर्ड्यूंनी अडवलं, मग इलिनॉयच्या डेमोक्रॅट डिक डर्बिननी, त्यामुळे हा पक्ष आपल्या बाजूचा आणि तो विरुद्ध, असं जे आपण चहा पिताना ठरवतो ना, त्यात फार दम नाही.

शेवटी 2 डिसेंबर 2020 ला सिनेटमध्ये पास झालं, कुणीच हरकत घेतली नाही. पण तोवर मनधरणी करता करता मजकूर बदलला होता, चिनी कम्युनिस्ट पक्षाशी संबंध असलेल्यांवर बंदीसारखी कलमं आत आली होती, आणि दोन्ही सभागृहांनी शब्दन् शब्द सारखं बिल पास केल्याशिवाय ते प्रेसिडेंटच्या सहीला जातच नाही. हाउसकडे जेमतेम महिना उरला होता, त्यांनी ते घेतलंच नाही. 3 जानेवारी 2021 ला नवी काँग्रेस बसली आणि जुनी बिलं बाद, आपल्याकडे लोकसभा बरखास्त झाल्यावर होतात तशीच. पुन्हा नवा नंबर, पुन्हा पहिल्यापासून.

डिसेंबर 2022 मध्ये ईगल अ‍ॅक्ट नावाचं तसलंच बिल हाउसच्या यादीत लागलं. बायडन प्रशासनाने पाठिंबा लेखी जाहीर केला होता, म्हणजे प्रेसिडेंटने मनावर घेतलेलंच होतं, तरी मतं जमेनात म्हणून ते मतदानाआधीच मागे घेतलं.