इंग्लंडच्या खेड्यात जेवायचंय? आधी घड्याळ बघा!

नमस्कार मंडळी! कॉट्सवोल्ड्स, लेक डिस्ट्रिक्ट, यॉर्कशायर डेल्स... भाड्याची गाडी घेऊन इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत फिरायचा बेत आहे? मग ऐका. तिथे जेवायची जागा सापडते हो, हुकते ती वेळ.

आपल्याकडे दुपारी साडेतीनला ढाब्यावर उतरलं तरी कुणी उपाशी पाठवत नाही. तिकडे गावातल्या पबचं किचन साधारण बारा ते दोन-अडीच चालतं, मग बंद, आणि पुन्हा सहा ते नऊ. गंमत म्हणजे मधल्या वेळात पब उघडाच असतो! लोक बसलेत, बिअर चाललीय, आणि तुम्ही मेन्यू मागितलात की कळतं, किचन बंद. मग घ्या वेफर्सचं पाकीट. गुगल मॅप्सवर दिसणारी वेळ बऱ्याचदा पबची असते, किचनची नाही. म्हणून पबच्या वेबसाइटवर 'फूड सर्व्ह्ड' कुठे लिहिलंय ते शोधा, नाहीतर सरळ फोन लावा.

रविवारचं गणित आणखी वेगळं. दुपारी संडे रोस्ट, म्हणजे भाजलेलं मांस, बटाटे, यॉर्कशायर पुडिंग (गोड नव्हे, पिठाचा फुगलेला भाजलेला वाडगा) आणि वर ग्रेव्ही. त्यासाठी गावकरीच टेबलं अडवून बसतात, तेव्हा आधी बुक करा. संध्याकाळी मात्र बऱ्याच ठिकाणी चूल थंड, आणि सोमवारी कित्येक पबना सुट्टी. सुपरमार्केटवर विसंबून राहू नका. 1994 च्या कायद्यानुसार 280 चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानं रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळात फक्त सहा तास उघडी ठेवता येतात. लहान दुकानांना हे बंधन नाही, त्यामुळे गावात 'को-ऑप' या साखळीचं छोटं किराणा दुकान दिसलं तर सँडविच घेऊन ठेवा.

पबमध्ये शिरल्यावर वेटरची वाट बघत बसू नका. टेबल पकडा, त्याचा नंबर लक्षात ठेवा, बारवर जाऊन ऑर्डर द्या. पैसेही बहुतेक तिथेच. दारू घेत नाही म्हणून संकोच कशाला? लाइम अँड सोडा मागा. साधं पाणी तर मागितल्यावर फुकट द्यावंच लागतं, परवान्याची अटच आहे तशी. मुलंही बहुतेक पबमध्ये चालतात, सोबत मोठं माणूस हवं.

आता शाकाहारी मंडळींनी इकडे लक्ष द्या. मेन्यूवर 'व्ही' शोधाच, पण चिप्सबद्दल वेगळं विचारा. उत्तरेत, विशेषतः यॉर्कशायरमध्ये, फिश अँड चिप्सच्या बऱ्याच दुकानांत तळण गाईच्या चरबीत होतं. तिथे त्याला 'बीफ ड्रिपिंग' म्हणतात. बटाटाच तर आहे, असं म्हणून खाऊ नका. कॉर्निश पास्टीतही, म्हणजे सारण भरून भाजलेल्या मोठ्या करंजीत, बीफ असतं, त्याऐवजी चीज अँड अनियन पास्टी मिळते. आणि कुठेच काही जमलं नाही तर जॅकेट पोटॅटो: सालीसकट भाजलेला मोठा बटाटा, त्यावर बीन्स आणि चीज. चव आपल्या जिभेला जरा अळणी वाटेल, पण पोट भरतं. माझ्या मते तिखटाची छोटी पुडी पर्समध्ये असावीच.

जरा मोठ्या, बाजारपेठेच्या गावात एखादं 'इंडियन' हमखास असतं. पण तेही बहुतेकदा संध्याकाळी पाच-साडेपाचनंतर उघडतं. यांतली बरीचशी सिल्हेटहून आलेल्या बांगलादेशी कुटुंबांची आहेत, तेव्हा आमटी-भात विचारू नका. 'तारका दाल' मागवा, म्हणजे आपली फोडणीची डाळ.

दुपारी मधल्या वेळात अडकलात तर टी रूम, फार्म शॉप, गार्डन सेंटरचं कॅफे किंवा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या वाड्यातलं कॅफे बघा. हो, रोपवाटिकेत जेवण! सूप, स्कोन, केक सगळं मिळतं. पण चार-साडेचारला तिथेही आवराआवर सुरू होते.

डोंगराळ भागात मोबाइलला रेंज नसेल तर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा कागदी नकाशा कामी येतो. त्यावर 'पी एच' अशी अक्षरं दिसली की तिथे पब. आणि शेताच्या फाटकाशी अंडी किंवा केक ठेवलेलं टेबल दिसलं, शेजारी पैशांचा डबा आणि माणूस कुणीच नाही, तर बिचकू नका. किंमत लिहिलेली असते, तेवढे पैसे डब्यात टाका आणि केक घ्या. सुटी नाणी मात्र जवळ ठेवा, डबा काही मोड देत नाही.