दुर्बीण घालायची, पण कुठून?

(दृश्य: सकाळचे साडेआठ. एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बीण तपासणी विभागाबाहेरचा बाक. मांडीवर फाइल, शेजारी नातेवाईक.)

कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाची ओपीडी असो की राजारामपुरीतला खासगी दवाखाना, पोटाची तक्रार लांबली की डॉक्टर म्हणतात, 'दुर्बीण घालून बघू.' बाकावर बसलेल्या प्रत्येकाला हेच सांगितलेले असते. पण कुणाची दुर्बीण तोंडातून जाणार, कुणाची गुदमार्गातून, आणि दोघांची आदल्या दिवसाची तयारी पूर्ण वेगळी.

सर्वात जास्त होते ती तोंडातून. सुमारे एक मीटर लांब, जेमतेम एक सेंटिमीटर जाड, वळणारी नळी. टोकाला कॅमेरा, दिवा आणि पाण्याचा फवारा. शिवाय चिमटा आत न्यायला एक पोकळ मार्ग. अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात यात दिसते. गिळताना घास अडकणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, कारण न सापडता घसरणारे हिमोग्लोबिन, अशा तक्रारींत ही करतात.

(दृश्य: तपासणीची खोली. सिस्टर घशात फवारा मारतात.)

घसा बधिर होतो, रुग्ण डाव्या कुशीवर वळतो, दातांत प्लास्टिकचे माउथगार्ड बसते. 'काका, लाळ गिळू नका, बाहेर वाहू दे.' बधिर घशातून लाळ श्वासनलिकेत उतरली तर ठसका लागतो, म्हणून ही सूचना. उमासे येतात, पण श्वासाची वाट मोकळीच असते. पाच ते दहा मिनिटांत काम आटोपते. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत पाणीसुद्धा प्यायचे नाही.

त्याआधी सहा ते आठ तास पोट रिकामे हवे. 'चहाच घेतलाय की फक्त,' हे इथे रोज ऐकू येते. दुधाचा चहा पोटाच्या हिशेबात जेवणच. तो उलटून फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो, त्यामुळे तपासणी पुढे ढकलतात. त्यात डॉक्टरांचा हेकेखोरपणा नसतो.

(दृश्य: चिमट्यातला कण पिवळ्या जेलमध्ये टाकला जातो.)

जठराच्या अस्तराचा हा तांदळाच्या कणीहून लहान तुकडा. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असेल तर त्याच्या युरिएज विकरामुळे अमोनिया तयार होतो आणि जेल गुलाबी पडते. पॅन्टोप्राझोलसारखी आम्लाची गोळी आदले दोन आठवडे चालू असेल, तर जंतू असूनही कधी कधी रंग बदलत नाही. म्हणून कोणत्या गोळ्या चालू आहेत ते आधीच सांगावे.

आता गुदमार्गातून मोठे आतडे पाहायची दुर्बीण, म्हणजे कोलोनोस्कोपी. इथे निम्मे काम रुग्णाने घरीच करायचे असते. आदल्या दिवशी ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पेरू, तीळ, शेंगदाणे बंद. मऊ भात आणि मुगाचे वरण चालेल. तांबडा रस्सा, मिसळ अर्थातच नाही; मिरचीचे साल आणि टोमॅटोच्या बिया नळीच्या तोंडाशी अडकतात. कोकम सरबतही नको, आत रक्तासारखे दिसते. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवतात, कारण त्यांनी शी काळी आणि चिकट होते.

मग रेचक. पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पूड पाण्यात कालवून बहुधा दोन ते चार लिटर, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला. निम्मे आदल्या संध्याकाळी, निम्मे तपासणीच्या दिवशी पहाटे. ते दोन तास आधी संपलेच पाहिजे. मळमळले तर अर्धा तास थांबून गार करून प्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांचे औषध आणि प्रमाण डॉक्टर वेगळे ठरवतात. आणि चंदगडहून पहाटेच्या एसटीने येणाऱ्यांनी पाहुण्यांकडे कोल्हापुरातच मुक्काम करावा. हे औषध घेऊन एसटीत बसणे म्हणजे छळ आहे.

शेवटची शी पिवळट, आरपार दिसेल इतकी पातळ हवी. तपकिरी असेल तर सिस्टरना तसेच सांगा. मळाखाली चपटा पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरची गाठ) लपतो, आणि तो सापडावा म्हणूनच तर हा खटाटोप. सापडलेला पॉलिप बहुतेकदा तारेच्या फासाने तिथल्या तिथे काढतात. रक्तस्राव किंवा आतड्याला छिद्र पडणे क्वचित घडते; संमतीपत्रात ते लिहिलेले असते, वाचून सही करा. क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी मात्र हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

लहान आतड्याच्या मधल्या भागासाठी कॅप्सूल असते. 26 मिलिमीटर लांब, कॅमेरा असलेली, गिळायची. ती आठ-बारा तास फोटो काढते, पण तुकडा काढू शकत नाही. आतडे कुठे अरुंद असेल तर ती अडकू शकते, आणि शीवाटे बाहेर पडेपर्यंत एमआरआय करायचा नाही. खोकल्यातून रक्त आले तर श्वासनलिकेत घालतात ती ब्रॉन्कोस्कोपी, मूत्राशयासाठी सिस्टोस्कोपी. त्यांचे विभागच वेगळे.

(दृश्य: एक्स-रेच्या पडद्यावर पित्तनलिका.)

ईआरसीपी ही तोंडातून जाणारी पित्तनलिकेची दुर्बीण. ती नुसती पाहणी नव्हे, उपचार. पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली की बाजूला बघणाऱ्या दुर्बिणीतून नलिकेचे तोंड किंचित कापतात आणि खडा फुग्याने किंवा बास्केटने ओढून काढतात. यानंतर काही रुग्णांच्या स्वादुपिंडाला सूज येते. धोका कमी करण्यासाठी डायक्लोफेनॅकची किंवा इंडोमेथॅसिनची गोळी गुदमार्गात ठेवतात. गुंगी दिलेली असल्याने त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

नलिका उघडी राहावी म्हणून तिच्यात प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे छोटी नळी ठेवली असेल, तर तो साधारण तीन महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो. बरे वाटते म्हणून 'ऊस गेला की येतो' असे म्हणत तारीख टळते, स्टेंट गाळाने बुजतो आणि थंडी वाजून ताप, पुन्हा कावीळ घेऊन माणूस रात्री कॅज्युअल्टीत येतो. डिस्चार्ज कार्डावर स्टेंट काढायची तारीख लिहिली आहे का, ते घरी जाण्याआधीच पाहून घ्या.